साडेसोळा हजारांचं पोलाद

तलवारीची किंमत साडेतीन हजार रुपये होती. मी ती साडेसोळा हजारांना घेतली. मधल्या तेरा हजारांची जबाबदारी दुकानदारावर टाकण्याचा प्रयत्न माझ्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी पुष्कळ केला, पण प्रयोगवहीत खाडाखोड केलेली मला चालत नाही. ते तेरा हजार मी स्वतः, एकेक वाक्य बोलून वाढवले.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून मी अकोल्याला गेले होते. मुलांनी क्षार ओळखले, न ओळखलेल्यांनी शेजारच्याचे ओळखले, आणि दुपारी दोनलाच काम आटोपलं. स्टँडवर उन्हात बसण्यापेक्षा सावलीसावलीने चालावं म्हणून मी जुन्या शहराकडच्या एका गल्लीत शिरले. तिथे खुशालराव नावाच्या गृहस्थांचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पितळी हंडे, बंद पडलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांची काठी, आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून ती उभी होती. फेब्रुवारीचं ऊन दारातून तिरपं आत आलं होतं. ते पात्यावर पडलं आणि पात्यात पाणी हलल्यासारखं दिसलं.

मी शब्द जपून वापरते, म्हणून सांगते, की पाणी नव्हतं. राखाडी धातूवर त्याहून गडद राखाडी लाटा होत्या, मुठीपासून टोकापर्यंत, ओढ्याच्या तळच्या रेतीवर असतात तशा. पण मी तिथे किती वेळ उभी होते हे मला सांगता येणार नाही, आणि मी अशी बाई आहे जिला एरवी किती वेळ झाला हे घड्याळ न बघता सांगता येतं.

"घ्या ना मॅडम," खुशालराव गादीवरून म्हणाले. "साडेतीन हजार. तुमाले सव्वातीनमधे देऊन टाकू."

इथे कुठलीही शहाणी बाई अडीच म्हणाली असती. मी म्हणाले, "हे जौहर असावं."

"जौहर म्हंजे?"

बावीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवते आहे. या बावीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याने मला 'म्हणजे' असं विचारलेलं नाही. मुलं फक्त 'हे परीक्षेला आहे का' एवढंच विचारतात. त्यामुळे मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं, की जुन्या काळी बंद मुशीत लोखंड वितळवून जे पोलाद करत, त्याच्या पात्यावर अशा लाटा उमटत. जाणकार त्यांना जौहर म्हणतात.

"असं काय," खुशालराव म्हणाले आणि गादीवर पुढे सरकले. "पण लाटा कायच्या?"

मी कार्बाइडबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "थांबा, लिहून घेतो," आणि त्यांनी खरोखर कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पेन काढलं. मग मी कार्बनचं प्रमाण सांगितलं. मूस फार हळू थंड व्हावी लागते, तशी ती झाली तरच कण रांगा धरतात, हेही सांगितलं. ही विद्या दीड-दोनशे वर्षांपूर्वी जवळजवळ लोपली असंही सांगितलं. त्यांनी चहा मागवला. मधेच त्यांनी विचारलं, "मंग अशी तलवार आता कोनाले बनवता येत नसंन?" आणि मी म्हणाले, की जवळजवळ नाही. हा प्रश्न त्यांनी इतका बरोबर जागी विचारला, की मी त्यांना तोंडी परीक्षेत दहापैकी दहा दिले असते.

चहा संपल्यावर त्यांनी लिहिलेलं पान घडी करून गादीखाली ठेवलं.

"मॅडम," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच संकोच होता, "मंग हे साडेतीनमधे कसं देऊ? तुमीच सांगा."

मला त्यांच्या म्हणण्यात एकही चूक काढता आली नाही. आकडा विसावर गेला, तिथून आम्ही दोघांनी मिळून तो साडेसोळावर आणला. मी मोबाइलवरून पैसे दिले. त्यांनी पावती लिहिली: 'जुनी जौहरदार पोलादी तलवार, नग एक. केमिस्ट्रीच्या प्रोफेसर मॅडमनी तपासली असे.' मी तपासलेली नव्हती. मी फक्त पाहिली होती. पण त्या क्षणी हा फरक काढायला मला सुचलं नाही.

जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधलेली तलवार घेऊन मी बसमध्ये चढले. कंडक्टरने विचारलं, "मॅडम, काय हाय यात?"

"तलवार."

तो हसला. "पडद्याचा पाइप जरा मोठाच घेतला तुमी. खिडकीकडून ठेवा, कोनाच्या डोळ्यात जाईन."

खरं बोलणं हा माझा स्वभाव आहे आणि त्याचा त्रास मला आजवर एकदाही झालेला नाही, कारण कुणी विश्वासच ठेवत नाही. मूर्तिजापूरला भागीरथाबाई म्हणून एक म्हातारी शेवंतीची टोपली घेऊन शेजारी बसली आणि तिने टोपली सरळ चादरीवर टेकवली. मी म्हटलं, "मावशी, जपून, तलवार आहे."

"असू दे व माय," ती म्हणाली, "माया पिशवीत इळा हाय. दोघी बसतीन."

मग आम्ही चौघी गप्प बसलो. बाहेर हरभरा काढून झालेली काळी रानं मागे जात होती. मला लोकांसारख्या लढाया वगैरे दिसत नाहीत. घोडा दिसला तर मला त्याच्या खाण्याची काळजी वाटते. मला दिसत होतं ते थंड होणं. मातीने लिंपलेली एक भट्टी, आत लाल मूस, आणि बाहेर कुणीतरी नुसतं बसलेलं. त्याला काही करायचं नाही. घाई केली तर सगळं वाया जाईल, एवढंच त्याला माहीत आहे. एक दिवस जातो, दुसरा जातो, आणि आत अंधारात कण हळूहळू रांग धरतात. बडनेऱ्यापर्यंत मी त्याच्याजवळ बसून होते.

आमच्या कॉलनीत माझी एक ख्याती आहे. माझ्या पर्समध्ये ताणकाटा असतो. भाजीवाले मला पाहिलं की आपणहून एक मूठ जास्त टाकतात. गॅसचं सिलिंडर मी वजन करून घेते, आणि कुणाला सोनं, साडी, वॉशिंग मशीन काहीही घ्यायचं असलं की मला बरोबर नेतात, कारण मॅडमला कुणी फसवू शकत नाही. तेव्हा ती चादर सोडल्यावर पहिला प्रश्न काय आला असेल हे सांगायला नको.

"केवढ्याले?" माझ्या सासूबाई, माणिकबाई, म्हणाल्या.

"पोलादाच्या मानाने योग्य," मी म्हटलं.

सासूबाई तलवारीकडे पाहत राहिल्या. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा इकडे. "अशोकानं ठेवली," त्या म्हणाल्या, "अन् तू उचलून आणली."

माझे यजमान धम्मदीप पाटबंधारे खात्यात आहेत आणि कुठल्याही गोष्टीवर पटकन मत देत नाहीत. त्यांनी पातं हातात घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण खरी आहे का?"

खरी आहे का हे पाहायला किती वेळ लागतो ते मला चांगलं माहीत होतं. दोन टक्के नायट्रिक आम्ल, बाकी अल्कोहोल, कापसाचा बोळा, पंधरा सेकंद. जौहर खरं असेल तर लाटा आणखी उठून दिसतात, कारण त्या धातूच्या आतून आलेल्या असतात. वरून कुणी रंगवल्या असतील तर पुसल्या जातात. आमच्या प्रयोगशाळेत हे सगळं तिसऱ्या कपाटात आहे. मी दुसऱ्या दिवशी द्रावण तयार केलं, छोट्या बाटलीत भरलं, चिठ्ठी लावली, घरी आणलं आणि तलवारीशेजारी ठेवून दिलं.

ते तिथेच राहिलं. रोज दुपारी कॉलेजातून आले, की मी पडदा थोडा सारायची. चार वाजता ऊन भिंतीवर यायचं, पात्यावर सरकायचं, आणि साडेचारपर्यंत तो भट्टीजवळचा माणूस आणि मी बसून असायचो. बाटलीकडे मी पाहत नसे. सासूबाई एकदा दारातून म्हणाल्या, "पोट्ट्यायले नापास करतांना हात थरथरत नाही तुया."

प्रकरण इथेच थांबलं असतं, पण शेजारचे पंजाबराव भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले आहेत, आणि निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या घरात मोजायला काहीतरी लागतं.

"मॅडम, पातं किती इंच?"

"चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा सेंटिमीटर."

"बाप्पा," पंजाबराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. "नऊ इंचाच्या वर गेलं का लायसन लागते. घरात ठेवून कशाले राहिले तुमी? उद्या कोनं तक्रार केली तं?"

"कोण करेल?"

"कोनीबी करन. मी नाई करत, पन मले माइत हाय हे आता."

या वाक्याचा अर्थ मी दोन दिवस लावत होते. तिसऱ्या दिवशी पावती घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत गेले. पहिल्या टेबलने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं, आणि तिसऱ्या टेबलवर नीलम मॅडम होत्या. त्यांनी पावती वाचली. मग त्यांनी माझ्यासमोर दोन फॉर्म ठेवले, एक जाड आणि एक पातळ.

"खरी तलवार असंन तं हा," त्या जाड फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या. "पोलीस पडताळणी, शेजाऱ्यायचे जबाब, अन् शस्त्र कायले पायजे त्याचं कारण. तुमच्या जिवाले धोका हाय काय?"

"नाही."

"शेतीवर जनावरं येतात?"

"शेती नाही."

"मंग हा," त्या म्हणाल्या आणि पातळ फॉर्म पुढे सरकवला. तो एका पानाचा होता. त्यावर छापलेलं होतं, की सदर वस्तू ही खऱ्या शस्त्राची नक्कल असून केवळ शोभेसाठी आहे, हे मी माझ्या माहितीनुसार खरे सांगत आहे. खाली सहीची जागा.

"एक सही ठोका. विषय संपला."

"पण ती नक्कल आहे हे मला माहीत नाही."

"मंग खरी हाय?"

"तेही माहीत नाही."

नीलम मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, इथं लोकं आजोबाची खरी तलवार आनतात अन् नकली हाय म्हनून सही करून जातात. तुमी पयल्याच, ज्या नकली बी म्हनून नाई राहिल्या." मग त्यांनी पावतीवरची दुसरी ओळ वाचली. "प्रोफेसर मॅडमनी तपासली. ह्या कोन मॅडम?"

"मी."

"मंग तपासली ना तुमी."

"नाही. पाहिली."

त्यांनी पावतीवरून नजर माझ्याकडे वळवली. आपल्यापुढे वेडी बाई आहे की वरिष्ठ कार्यालयाने तपासणीला पाठवलेली, असा त्यांचा विचार चाललेला असावा. "पंधरा मेपर्यंत येऊन जा," त्या शेवटी सौम्यपणे म्हणाल्या. "तपासा अन् या. केमिस्ट्रीच्या हाय ना तुमी."

म्हणजे पेच असा होता. खोटी आहे असं लिहून दिलं तर तलवार माझी राहणार. खरी आहे असं लिहिलं तर बहुधा जाणार, कारण जिवाला धोका दाखवता आला नाही तर कुणी परवाना देत नाही. आणि मी तर न पाहिलेलं निरीक्षण वहीत लिहीत नाही. धम्मदीप जाड फॉर्म चाळत म्हणाले, "कारणाच्या रकान्यात काय लिहिशील? दुपारी चार ते साडेचार?"

सल्ले सुरू झाले. पंजाबराव म्हणाले, तलवारीचे तीन तुकडे करून प्रत्येकी नऊ इंचांचे ठेवा, कायदा काही म्हणू शकत नाही. मी गुणाकार करून दाखवला, की तीन तुकडे पुरणार नाहीत, चार लागतील. ते म्हणाले, मंग चार करा. पलीकडच्या संध्याताई म्हणाल्या, कायले कोनाच्या फॉर्मच्या मागे लागता, आठ दिवस माझ्याकडे द्या.

संध्याताईंच्या घरी भाजीचा धंदा आहे. त्यांच्या भाच्याचं लग्न चांदूर रेल्वेला होतं. त्यांच्याकडे नवरदेवाच्या हातात तलवार लागते. दरवेळी बँडवाल्याकडून भाड्याने आणतात, पण ती पत्र्याची असते आणि मागच्या लग्नात ती घोड्यावरच वाकली होती.

"सारे पाहुणे हसले वैनी," संध्याताई म्हणाल्या. "नवरदेव रडकुंडीले आला. अवंदा खरी पायजे. द्या ना, मी सोता सांभाळतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण संध्याताईंनी गेली अकरा वर्षं माझ्या ताणकाट्यापुढे मान खाली घातलेली आहे. मी एवढंच म्हटलं, की मीही येते. पात्याला धार नव्हती, ते मी आधीच अंगठ्याने पाहून घेतलं होतं, आणि तलवार जाईल तिथे मी जाणार, ही माझी अट होती.

चांदूरला मे महिन्याच्या दुपारी वरात निघाली तेव्हा सावलीतसुद्धा चव्वेचाळीस अंश होतं. नवरदेव घोड्यावर, हातात तलवार उभी धरलेली. नवरदेवाला दृष्ट लागू नये म्हणून तलवारीच्या टोकाला लिंबू टोचतात, ही रीत मला माहीत नव्हती असं नाही. मी शेकडो वराती पाहिल्या आहेत. पण त्या वेळी मी कडेच्या कडुनिंबाच्या सावलीत उभी होते, पातं उन्हात चमकत होतं, लाटा वर आकाशाकडे जात होत्या, आणि मला वाटत होतं, की बंद खोलीतून बाहेर येऊन तिलाही बरं वाटत असेल. लिंबू मला दिसलं, पण ते मी शोभेच्या वस्तूंत जमा केलं. बावीस वर्षं सायट्रिक आम्ल शिकवणाऱ्या बाईने.

वरात अडीच तास चालली. तीनशे मीटरसाठी. नवरदेवाचे मित्र नाचताना लिंबू दोनदा पडलं. मे महिन्यात लिंबू सोन्याच्या भावाने असतं तरी संध्याताईंनी मागे न पाहता आणखी दोन काढून दिली, आणि शेवटी पडूच नये म्हणून दोन्ही एकावर एक खोलवर टोचली. रस टोकापासून निघाला आणि पात्यावरून सावकाश मुठीपर्यंत आला, नवरदेवाच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्याने तो शेरवानीला पुसला.

मांडवात त्याने तलवार माझ्या हातात दिली तेव्हा मला ते दिसलं. टोकापासून मुठीपर्यंत दोन बोटं रुंदीचा एक पट्टा लखलखीत मोकळा झाला होता. लाटा नव्हत्या. दोन्ही बाजूंना होत्या, मधे नव्हत्या. जणू ओढ्यात कुणी सरळ रेषेत रस्ता काढला होता.

मी तिथेच बिछायतीवर बसले. भोवती जेवणाच्या पंगतीची गडबड चालली होती. मी पदराच्या टोकाने दुसऱ्या बाजूला थोडा रस लावला, पुसला. तिथल्याही लाटा पदरावर आल्या. दोन निरीक्षणं सारखी आली. मला आठवत होतं, की निष्कर्ष काढायला तीन लागतात, पण तिसऱ्यासाठी हात उचलला नाही.

"काय झालं मॅडम, ऊन लागलं काय?" संध्याताईंचे मोठे दीर नत्थुजी पाण्याचा गडवा घेऊन आले. बडनेरा रोडवर त्यांनी चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त केले. आता नजर कमी झाली आहे, पण लोखंड ते हाताने पाहतात.

मी म्हटलं, "तलवार खोटी निघाली."

त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पात्यावरून अंगठा फिरवत मुठीपर्यंत आले. तिथे अंगठा थांबला. "हे पाहा," ते म्हणाले.

मुठीच्या वर, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात एक गोल दिसत होता. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, भोवतीच्या धातूपेक्षा किंचित काळा. आम्लाने दोन वेगळी लोखंडं वेगळी दाखवली होती.

"छिद्र होतं इथं. कोनंतरी बुजवलं," नत्थुजी म्हणाले. "यातून सेंटर बोल्ट जाते. मॅडम, हा ट्रकच्या कमानीचा पट्टा हाय. चाकावर एकावर एक असतात ना, तो. लोहारानं घडवून तलवार केली, अन् वरून नक्षी काढली कोनंतरी." ते बोट वाकवून पात्यावर टकटक करत ऐकत राहिले. "पन पोलाद लय चांगलं हाय बरं. दहा दहा टन झेललं यानं. खड्डा आला का दबते, खड्डा गेला का परत जागेवर येते. वाकून सरळ होनं सोपं काम नाई."

"किती वर्षं झेललं असेल?"

"ते काय सांगता येते? दहा वर्षं. पंधरा. कापूस असंन, संत्रा असंन, सिमेंट असंन. नागपूर-मुंबई करत असंन बिचारा." त्यांनी तलवार मला परत दिली, आणि ती हातात घेताना मला जाणवलं, की आज तीन महिन्यांत मी तिचं वजन पहिल्यांदाच पाहते आहे.

परतीच्या जीपमध्ये संध्याताई म्हणाल्या, "वैनी, आमच्या लिंबानं तुमची तलवार गेली."

"गेली नाही," मी म्हटलं. "लिंबाने फक्त तपासली."

"केवढ्याची होती?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

पंधरा मेला मी नीलम मॅडमच्या टेबलासमोर बसले. त्यांनी मला ओळखलं आणि काही न विचारता पातळ फॉर्म काढला.

"तपासली?"

"हो. शस्त्र म्हणून नक्कल आहे. पण पोलाद खरं आहे, तेवढी नोंद करायची आहे."

"मले एकच रकाना हाय."

मी सही केली. खाली आणखी एक ओळ होती, जी मागच्या वेळी मी वाचली नव्हती: वस्तूचा यापूर्वीचा वापर, असल्यास. बहुतेक लोक तिथे रेघ मारत असावेत. मी विचार करून लिहिलं, 'मालवाहतूक.'

नीलम मॅडमनी ते वाचलं. त्यांनी शिक्का उचलला, दोन जागी उमटवला आणि म्हणाल्या, "जा मॅडम. उन्हाच्या आत घरी जा."

बाहेर आले तर ऊन रणरणत होतं. चौकात सिग्नल लागला होता. समोर एक ट्रक उभा होता, सोयाबीनच्या पोत्यांनी ताडपत्रीपर्यंत भरलेला. आजवर मी रस्त्यात ट्रककडे फक्त त्याच्यापासून दूर राहण्यासाठी पाहिलं आहे. मी वाकून पाहिलं. मागच्या चाकावर पट्टे एकावर एक होते, लांबावर आखूड, धुळीने मढलेले, आणि भाराने जवळजवळ सपाट झालेले. सिग्नल सुटला. ट्रक हलला, चाक खड्ड्यात उतरलं, पट्टे दबले, चाक वर आलं, आणि सगळे पट्टे एकदम, न बोलता, आपापल्या बाकावर परत आले. तो गेला. मागून दुसरा आला. त्याच्या खाली पाहायला मला आणखी जरा वाकावं लागलं.

तिसऱ्यांदा सिग्नल लागला तेव्हा माझ्याशेजारी स्कूटर थांबली. पंजाबराव होते.

"मॅडम, काही पडलं काय तुमचं?"

"नाही."

"मंग काय पाहून राहिले ट्रकच्या खाली?"

मी त्यांना सांगितलं. लिंबू, पदर, सेंटर बोल्ट, शिक्का, सगळं क्रमाने सांगितलं. माझ्या बोलण्यात ते एकदाही मधे पडले नाहीत. पंजाबरावांच्या बाबतीत हे दुर्मिळ आहे. शेवटी त्यांनी स्कूटर बंद केली आणि आवाज खाली आणला.

"आता तरी सांगा. केवढ्याले घेतली होती?"

चौथा ट्रक येत होता. त्याच्यावर कापसाच्या गाठी होत्या, आणि मला त्याचं मागचं चाक बघायचं होतं.

"साडेसोळा हजार."

पंजाबरावांनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "मॅडम," ते म्हणाले, "एवढ्यात तं भंगारातून अख्ख्या ट्रकच्या कमानी आल्या असत्या."

"मला एकच पट्टा हवा होता," मी म्हटलं आणि वाकले.